ऑपरेशन झालेला कुत्रा आणि लेकीचा साखरपुडा

आंजी गावाला आमची सासरची थोडी शेती आहे. एकदा नवरा तिकडून तुरीची डाळ आणायला म्हणून गेला आणि परत आला तेव्हा गाडीच्या डिक्कीत डाळ होती आणि शर्टाच्या आत कुत्र्याचं पिल्लू होतं. तपकिरी, पोटावर पांढरं, आणि कान कुठे ठेवायचे हे अजून न ठरलेलं. "रस्त्यात मागं लागलं," नवरा म्हणाला. तो ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो आणि इतकं छोटं वाक्य त्याच्या तोंडून फार क्वचित ऐकायला मिळतं, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही.

आमचं घर नालवाडीत. घरात मी, नवरा आणि सासूबाई. लेक पुण्याला नोकरीला. मी एका सरकारी ऑफिसात आवक-जावक बघते. घराच्या मागे एक मोकळा प्लॉट आहे, मालक कुठे तरी परदेशात असतो म्हणतात. संध्याकाळी गल्लीतले सगळे कुत्रेवाले तिथे जमतात. माणसं एकमेकांच्या कुत्र्यांना नावानं ओळखतात आणि एकमेकांना 'त्या काळ्या कुत्र्याचे काका' म्हणून.

आमचा कुत्रा वयात आला आणि घरी राहिनासा झाला. पावसाळा सुरू झाला की तो जायचा, आणि यायचा तेव्हा फाटलेला कान, लंगडता पाय आणि चेहऱ्यावर मोठी कामगिरी करून आल्याचा भाव. सासूबाई त्याच्या जखमांना हळद लावत म्हणायच्या, "आमच्याकडं बैलाचं करतेत, याचंई करून टाका. एक दिवस मरून येईन हा." मेलेला कुत्रा येणार कसा, असा प्रश्न नवऱ्यानं विचारला. त्यावर त्यांनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की दुसऱ्याच दिवशी आम्ही कुत्र्याला घेऊन डॉक्टरकडे गेलो.

डॉक्टर तरुण बाई होत्या, हसऱ्या. ऑपरेशन नीट झालं. गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घालून तो घरी आला आणि पुढचे काही दिवस प्रत्येक दाराला, खुर्चीला आणि सासूबाईंच्या पोटऱ्यांना धडकत फिरला. मग टाके निघाले, नरसाळं निघालं आणि घरात शांतता आली. त्याचं भटकणं थांबलं. तो जाडही झाला. आम्हाला वाटलं, विषय संपला.

शेजारच्या घरात एक निवृत्त हेडमास्तर राहतात. सगळी गल्ली त्यांना सर म्हणते. गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या हाताखालून गेली आहेत, आमची लेकसुद्धा. त्यांच्याकडे एक सोनेरी लॅब्राडोर आहे, आणि तो कुत्रा वर्गात पहिल्या आलेल्या मुलासारखा चालायचा. सरांच्या डाव्या पायाला लागून, मान सरळ, शेपटी प्रमाणात. दुसरा कुत्रा भुंकला तर तो सरांकडे बघायचा, जणू विचारतोय, याचं नाव लिहून घेऊ का?

एका संध्याकाळी मी आमच्या कुत्र्याला प्लॉटवर सोडलं. तो वाऱ्यासारखा दोन फेऱ्या पळाला, लॅब्राडोरपाशी येऊन त्याला हुंगलं, पुढचे पाय जमिनीला टेकवून 'चल, खेळ' म्हणाला, आणि लॅब्राडोर काही ठरवायच्या आत मागून त्याच्या पाठीवर चढून कंबर हलवू लागला.

लॅब्राडोरनं सरांकडे पाहिलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मला हसू आलं.

माझं हसू हे आमच्या घरातलं जुनं दुखणं आहे. आनंद झाला की येतं, लाज वाटली की येतं, आणि जिथे मुळीच यायला नको तिथे तर हमखास येतं. स्वतःच्या लग्नात मी पंचशील म्हणताना हसले होते, नवऱ्याच्या नाकावर माशी बसली होती म्हणून. त्या संध्याकाळी मी कुत्र्याला पट्ट्यानं ओढत होते, तोंडानं "सॉरी सर, सॉरी सर" म्हणत होते आणि माझे खांदे गदगदत होते. सर लॅब्राडोरला घेऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. तिसऱ्या दिवशीही.

मग रविवारी सकाळी सर आमच्या घरी आले. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, काखेत छत्री. पावसाचं चिन्ह नव्हतं. सोफ्याच्या कडेवर बसले, पाणी घेतलं, आणि ग्लासाकडे बघत म्हणाले, "तुमच्या कुत्र्याच्या वर्तनाविषयी थोडं बोलायचं होतं."

"भुंकला का?" नवऱ्यानं विचारलं.

"नाही. भुंकला असता तर मी आलो नसतो."

"चावला?"

"छे."

"मग?"

सरांनी ग्लास टेबलावर ठेवला. परत उचलला. "तो आमच्या कुत्र्यावर," ते म्हणाले, "अतिप्रसंग करतो."

नवरा सावरून बसला. वर्गात एखाद्या पोरानं अवघड शब्द बरोबर वापरला की तो असाच बसतो. मी खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर काही नव्हतं, पण मी फार लक्षपूर्वक बघत होते.

आतल्या खोलीत सासूबाई मेथी निवडत होत्या. तिथून आवाज आला. "काय करते म्हंतात?"

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मी आणखीच खिडकीबाहेर.

"चढते काय?"

सर हळूच "हो" म्हणाले.

"मंग चढते म्हना ना. येवढे लांबून काऊन येऊन राह्यले?"

"आजी," सर म्हणाले, "पण दोघंही नर आहेत."

"असू द्या. गोऱ्हे नाई चढत काय एकमेकावर? आमच्या वाड्यात रोज चढे."

"पण याचं ऑपरेशन झालंय म्हणतात."

"झालंय," नवरा म्हणाला.

"मग?" सर म्हणाले.

या 'मग'सरशी सासूबाईंचीही मेथी थांबली. सरांना आपला मुद्दा बिनतोड आहे हे जाणवलं असावं, कारण ते पहिल्यांदाच सोफ्यावर मागे टेकून बसले. "मला वाटतं, तुमची फसवणूक झाली आहे," ते म्हणाले.

एवढ्यात मागच्या अंगणातून आमचा कुत्रा आत आला. घरी पाहुणा आलाय हे बघून त्याचा आनंद शेपटीतून सुरू होऊन कानांपर्यंत गेला. एकदा सोफ्याला फेरी, एकदा टेबलाला फेरी, आणि मग त्यानं पुढच्या दोन्ही पायांनी सरांच्या नडगीला मिठी मारली.

सर हलले नाहीत. शाळा तपासायला साहेब आल्यावर जसे ते उभे राहत असतील, तसे ते बसून राहिले. "याला घ्या," ते शांतपणे म्हणाले. "कृपा करून याला घ्या."

नवरा कुत्र्याला ओढू लागला. मी स्वयंपाकघरात पळाले आणि पदराचा बोळा तोंडात धरून गॅसच्या शेगडीपुढे उभी राहिले. सासूबाई दारात येऊन बघत होत्या. "पाहा," त्या सरांना म्हणाल्या, "तुमी लय आवडले त्याले."

त्यानंतर सरांनी फिरायला जायची वेळ बदलली. आम्ही प्लॉटवर पोचलो की ते परतीच्या रस्त्यावर असायचे. समोरासमोर आलो की ते मान हलवायचे, पण आमच्या कुत्र्याकडे बघत नसत. सरांच्या बायकोचं मात्र आमच्याशी बिनसलं नव्हतं. एकदा भिंतीवरून कढीपत्ता देता देता म्हणाल्या, "त्या दिवशी घरी आल्या आल्या पायजमा भिजत घातला, आणि मले सांगितलं का पाणी सांडलं म्हणून." मग आम्ही दोघी भिंतीच्या दोन बाजूंना एवढ्या हसलो की कढीपत्ता खाली पडला.

पण प्रश्न होताच. ऑपरेशन झालेला कुत्रा असं का करतो? गल्लीत ज्याला त्याला कारण माहीत होतं. सासूबाईंचं म्हणणं, डॉक्टर तरुण आहे, घाई झाली असेल, एखादी गोळी आत राहिली असेल. आंजीला एका बैलाचं असं झालं होतं आणि तो म्हातारा होईपर्यंत गाई बघून कान टवकारायचा. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचं म्हणणं, थंड पडेल असं खायला घाला, काकडी वगैरे. नवऱ्यानं मोबाइलवर बरंच काही वाचून काढलं आणि एका रात्री जेवताना जाहीर केलं की हा सत्तेचा प्रश्न आहे.

"म्हणजे?" मी विचारलं.

"तो स्वतःला घराचा मालक समजून राह्यला. चढणं म्हणजे वर्चस्व. त्याला दाखवून द्यावं लागेल की मालक कोण."

"कोण आहे?" सासूबाईंनी विचारलं.

नवऱ्यानं ते ऐकलं न ऐकलंसं केलं. दुसऱ्या दिवसापासून तो प्रत्येक दारातून कुत्र्याच्या आधी जाऊ लागला. कुत्र्याला भाकरी टाकायच्या आधी तो त्याच्यासमोर उभा राहून स्वतः एक बिस्किट खायचा. मोबाइलमध्ये म्हणे तसं लिहिलं होतं. छाती काढून, सावकाश, कुत्र्याच्या डोळ्यांत डोळे घालून. कुत्रा अत्यंत आदरानं बघायचा, पण त्याची नजर बिस्किटावर होती. आठवडाभरात नवऱ्याचं वजन वाढलं आणि कुत्रा दूधवाल्याच्या पायावर चढला.

शेवटी आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी, नवरा, सासूबाई, कुत्रा, सगळे एका रिक्षात. आत शिरताच सासूबाईंनी सरळ विचारलं, "बाई, एखादी राह्यली तर नाई ना आत?"

"आजी, दोन होत्या, दोन्ही काढल्या," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी कुत्र्याला टेबलावर घेतलं, सगळीकडे नीट तपासलं. लघवीच्या जागी जळजळ, खाज, सूज असली तरी कुत्रे असं करतात, त्या म्हणाल्या. तसं काही नव्हतं. मग त्यांनी खुर्ची ओढली. "कधी करतो ते सांगा."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. हे कोणी मोजलं नव्हतं.

"सरांच्या कुत्र्यावर," नवरा म्हणाला.

"दूधवाल्यावर," मी म्हणाले.

"पाहुणे आले का," सासूबाई म्हणाल्या. "आणि ही हापिसातून आली का. इच्या पिशवीवर चढते."

"आणि झोपायच्या वेळी करतो का? एकटा असला की?"

नाही. त्या वेळी तो पंख्याखाली चारी पाय पसरून पडलेला असतो.

"म्हणजे पाहा," डॉक्टर म्हणाल्या, "कोणी आलं, खेळ सुरू झाला, गडबड झाली की करतो. ऑपरेशननं पिल्लं होणं थांबतं, भटकणं कमी होतं. पण हे चढणं फक्त त्यासाठी नसतंच. छोटी पिल्लंही करतात, माद्याही करतात. खेळताना करतात. कोणी घाबरला, कोणी कंटाळला तरी करतो. कधी दुसऱ्याला दबवायलाही करतात, नाही असं नाही. पण तुमच्या याला काही कोणाला दबवायचं नाही. याला आनंद होतो आणि तो कुठे ठेवायचा ते कळत नाही."

"पन थो तर सरायच्या कुत्र्यावरच जास्त चढते," सासूबाई म्हणाल्या.

"आवडत असेल तो त्याला."

मला एकदम त्या कुत्र्याविषयी फार माया वाटली. टेबलावर उभा राहून तो डॉक्टरांचा कान चाटायला बघत होता.

"आणि तो चढला की तुम्ही काय करता?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी ओरडतो," नवरा म्हणाला. "आई चप्पल घेऊन धावते. आणि ही हसते."

"म्हणजे त्याच्यासाठी जत्राच," डॉक्टर म्हणाल्या. "एवढी मजा सोडून तो थांबेल कशाला?"

उपाय साधा होता आणि वेळ खाणारा होता. ओरडायचं नाही, मारायचं नाही, हसायचं नाही. तो फार उधळला असं दिसलं की चढायच्या आधीच हाक मारायची, 'बस' म्हणायचं, बसला की लगेच खायला एक छोटा तुकडा. चढलाच तर मुकाट्यानं बाजूला घ्यायचं आणि शांत होईपर्यंत तिथेच थांबायचं. दुसऱ्या कुत्र्याला त्रास होत असेल तर दोघांना वेगळं करायचं, कारण सगळेच काही सरांच्या कुत्र्यासारखे सोशीक नसतात. आणि फिरायला जास्त न्यायचं. परत निघताना डॉक्टर मला म्हणाल्या, "हसायचं नाही, हे तुम्हाला जमेल ना?" मी हसले.

आमचा अभ्यास सुरू झाला. नवरा 'बस' असं म्हणायचा की जणू विद्यार्थ्याला खुर्ची देतोय. कुत्रा बसायचा नाही, पण ऐकून घ्यायचा. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी ते काम आपल्याकडे घेतलं. 'बस बापा' म्हणत त्या गोरसपाक बिस्किटाचा तुकडा काढायच्या, आणि कुत्रा धप्पकन बसायचा. डॉक्टरांनी छोटा तुकडा सांगितला होता. सासूबाईंच्या हाताला छोटा तुकडा कधी मोडता आलेला नाही. पण हळूहळू बसू लागला. मी ऑफिसातून आले की तो दारात बसायचा. बसल्या बसल्या सगळं अंग थरथरायचं, पुढचे पाय वरखाली व्हायचे, तोंडातून बारीक शिट्टी यायची. पण बसायचा. दूधवाला त्याच्यावर खूश झाला.

त्याच सुमारास लेकीचा फोन आला. तिनं लग्न ठरवलं होतं, म्हणजे तिचं तिनंच ठरवलं होतं. मुलगा तिच्याच ऑफिसात, मूळचा वडनेरचा, घरी कापसाची शेती. मी फोनवर हसू लागले आणि मग रडू लागले. नवऱ्यानं फोन हातातून घेतला आणि तोही नाक पुसू लागला. शेवटी सासूबाईंनी फोन घेऊन विचारलं, "पोरगा जेवते का नीट?" तो जेवत होता. बाकी चौकशी त्यांना महत्त्वाची वाटली नाही.

मुलाचे आईवडील भेटून गेले. आई बोलकी होती. वडील मात्र असे की चहाच्या कपाशीही ते विचार करून बोलले असते. उंच, बारीक, डोक्याला पांढरा रुमाल. दोन तास बसले आणि जाताना "बरं हाये" एवढंच म्हणाले. काय बरं आहे ते कळलं नाही. कुत्रा त्या दिवशी वरच्या खोलीत बंद होता. नवरा रात्रभर विचार करत होता की इवायांना, म्हणजे व्याह्यांना, घर आवडलं की नाही.

साखरपुडा आमच्याकडे करायचा ठरला. मागच्या प्लॉटवर मांडव, वडनेरची माणसं, आमची माणसं, लेकीच्या शाळेतल्या मैत्रिणी. कुत्र्याचं काय करायचं हा प्रश्न हॉलला रंग कोणता द्यायचा यापेक्षा मोठा झाला. वरच्या खोलीत सामान होतं आणि तिथे नवरीचं आवरणं होतं. भिंतीपलीकडून सरांच्या बायकोनंच सुचवलं, "आमच्या अंगणात ठेवा. दोघं राहतीन सोबत."

"सरांना विचारा आधी," मी म्हणाले.

सर दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ आमच्या कुत्र्याकडे बघितलं. पहिल्यांदाच बघितलं. "पोरगी माझी विद्यार्थिनी आहे," ते शेवटी म्हणाले. "ठेवा."

साखरपुड्याचा दिवस उजाडला. त्रिसरण-पंचशील झालं, मी हसले नाही. अंगठ्या घातल्या गेल्या. लेक निळ्या साडीत एवढी सुंदर दिसत होती की मला तिच्याकडे सलग बघवेना. बुंदी, वांग्याची भाजी, पुरी, ताटं फिरू लागली. इवाई पहिल्या रांगेत खुर्चीवर बसून गप्पपणे पुरी मोडत होते. सर त्यांच्या शेजारी. दोघंही कमी बोलणारे, म्हणून कोणीतरी विचार करून शेजारी बसवलं होतं.

तेवढ्यात सरांच्या बायकोला आठवलं की लेकीसाठी आणलेली साडी घरीच राहिली. त्या आणायला गेल्या, साडी आणली, आणि येताना अंगणाच्या फाटकाची कडी लावायची राहिली.

आधी आमचा कुत्रा आला. मांडवाच्या तोंडाशी थांबला. त्यानं लेकीला कित्येक महिन्यांनी बघितलं होतं. तो निघाला, आणि खुर्च्यांच्या दोन रांगांमधून असा काही धावला की कोणाच्या तरी वाटीतली भाजी कोणाच्या तरी पायावर सांडली. लेकीभोवती फेरी, मांडवाच्या खांबाभोवती फेरी, पुन्हा लेकीभोवती. आता तो कोणावर जाणार ते मला दिसत होतं. समोर पांढऱ्या धोतरातली, लांब, शांत, इवायांची नडगी होती.

माझ्या हातात गोरसपाक नव्हता. अर्धी पुरी होती. मी तीच वर धरली आणि म्हणाले, "बस."

तो बसला.

भर मांडवात, एवढ्या माणसांत, इवायांच्या पायाशी तो बसला. थरथरत होता, शिट्टी वाजवत होता, पण बसला होता. नवऱ्यानं सगळ्यांकडे असं बघितलं की जणू त्याच्या विद्यार्थ्याचा बोर्डात नंबर आला. मी पुरी द्यायला वाकले.

आणि त्याच वेळी मागून सरांचा लॅब्राडोर आला. त्याच चालीनं, मान सरळ, शेपटी प्रमाणात. आमच्या बसलेल्या कुत्र्यापाशी थांबला, क्षणभर विचार केला, आणि त्याच्या पाठीवर चढला.

मांडवातल्या सगळ्या माना वळल्या.

सर ताट घेऊन उभे राहिले. चेहरा लाल. "अहो, हा असं करत नाही," ते सगळ्यांना मिळून म्हणाले. "हा कधीच असं करत नाही." लॅब्राडोर करतच होता. आमचा कुत्रा पुरी खात होता, त्याची काही तक्रार नव्हती. मग सरांनी छाती भरून घेतली आणि शाळेच्या मैदानावरच्या त्यांच्या जुन्या आवाजात ओरडले, "बस!"

लॅब्राडोर बसला नाही. पण कोपऱ्यात उभ्या असलेल्या लेकीच्या शाळेतल्या चारही मैत्रिणी एकदम खुर्च्यांवर बसल्या. आणि निळ्या साडीतली, नुकतीच अंगठी घातलेली आमची लेकसुद्धा बसली.

मी तोंडावर पदर धरला. डॉक्टरांनी सांगितलं होतं हसायचं नाही. मी भाजीच्या पातेल्याकडे बघितलं, मांडवाच्या कापडाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि तीच चूक झाली, कारण त्याच्या नाकपुड्या फुगल्या होत्या.

तेव्हा इवाई बोलले. ताट मांडीवर सारखं केलं आणि सरांना म्हणाले, "आमचा कापसाच्या गाठोड्यावर चढते."

सरांनी त्यांच्याकडे बघितलं.

"त्याचंई ऑपरेशन झालं हाये," इवाई म्हणाले. "वेचणी चालू झाली, बाया आल्या, गडबड दिसली का चढलाच. बायायनं त्याच्यासाठी एक गाठोडं येगळंच बांधून ठेवलं. म्या म्हटलं, असू दे. त्यालेई सीझन हाये."

एवढं लांब बोलणं त्यांच्या मुलानंही कधी ऐकलं नसावं. तो तोंड उघडं टाकून बघत होता. पहिल्यांदा त्याची आई हसली, मग आमची लेक, मग मैत्रिणी, मग मी, आणि मी एकदा सुरू झाले की माझं थांबत नाही. मी मांडवाच्या खांबाला धरून उभी होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सासूबाईंचं पदराआड हलणारं पोट दिसत होतं. नवरा चष्मा पुसत होता. सर अजून उभेच होते, आणि सगळ्यांना वाटलं की आता ते ताट ठेवून निघून जाणार.

ते खाली बसले. लॅब्राडोरचा पट्टा धरून त्याला हळूच खाली घेतलं, आपल्या पायाशी घेतलं, त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "चढला हो हा," ते इवायांना म्हणाले. आणि त्यांचे खांदे गदगदू लागले. आवाज नाही, नुसते खांदे.

मग जेवणं पुन्हा सुरू झाली, पण पहिल्यासारखी नाही. वडनेरची माणसं आणि आमची माणसं आतापर्यंत वेगवेगळ्या रांगांत बसली होती, ती उठून मिसळली. प्रत्येकाकडे सांगायला एक कुत्रा होता. कोणाचा उशीवर, कोणाचा सोफ्याच्या हातावर, कोणाच्या घरी तर कुत्री चढते, तीही मांजरावर. कोणाचंच लाजणं उरलं नव्हतं. मुलाच्या मावशीनं मला विचारलं की हे कशानं होतं, आणि मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. आनंद होतो, तो अंगात मावत नाही, मग जवळ जे असेल त्यावर. मावशी म्हणाली, "आमच्या भाऊजीचं असंच हाये. पोरीचं जमलं तं सगळ्या गावाले मिठी मारत फिरले." भाऊजी म्हणजे तेच कमी बोलणारे इवाई. मी वळून बघितलं. ते आमच्या कुत्र्याला बुंदीचा एक एक दाणा देत होते आणि दर दाण्याला हळूच म्हणत होते, "बस. शाबास. बस."

कोणीतरी गाणी लावली. लेकीनं मला ओढलं आणि मी नाचले, ऑफिसातल्या लोकांसमोर. नवराही दोन पावलं नाचला, नंतर सगळ्यांना सांगत होता की तो खुर्ची सरकवत होता. दोन्ही कुत्र्यांना मात्र मांडवाच्या दोन टोकांना बांधून ठेवलं होतं, एकाजवळ सासूबाई, एकाजवळ सर. गाणं वाढलं की दोघंही उड्या मारायचे आणि दोन्ही टोकांकडून एकाच वेळी 'बस' ऐकू यायचं.

लग्न पुढे उन्हाळ्यात वडनेरला झालं. कुत्र्याला उन्हात नेऊ नये म्हणून आम्ही नेलं नाही, तर इवायांनी वरातीतच विचारलं, "त्याले काऊन नाई आनलं?" आणि जरा नाराजच झाले.

आमचा कुत्रा अजूनही कधी कधी चढतो. लेक येते त्या दिवशी तर ठरलेलंच. आम्ही 'बस' म्हणतो. जमलं तर बसतो, नाही जमलं तर त्याला मुकाट्यानं अंगणात घेऊन जातो, एक फेरी मारतो, परत आणतो. सर पुन्हा जुन्या वेळेला प्लॉटवर येतात. दोन्ही कुत्रे आधी पळतात, मग कोण कोणावर ते त्या दिवसावर असतं, आणि एकाला पुरे झालं असं दिसलं की आम्ही दोघं आपापल्याला हाक मारतो.

परवा लेक आणि जावई आले. रिक्षातून बॅगा उतरतात न उतरतात तोच शेजारचं फाटक वाजलं. सर लॅब्राडोरचा पट्टा धरून उभे होते, आणि पट्टा चांगलाच ताणलेला होता.

"पोरगी आली का?" त्यांनी विचारलं. "हा ऐकून नाही राह्यला. येऊ का आम्ही दोघं?"

"या ना सर," मी म्हणाले. "चहा टाकते."